सोळा फुटी स्कॅम्प: मिनीव्हॅनला झेपणारा ट्रेलर

टोयोटा सिएना हायब्रिड ही मिनीव्हॅन ३,५०० पौंड, म्हणजे सुमारे १,५९० किलो वजन ओढू शकते असे कंपनी सांगते. या एका आकड्यावर विसंबून गाडीमागे जोडून नेण्याचा, आत राहता येणारा ट्रेलर घ्यायला गेलेल्या ग्राहकाला विक्रेते जे दाखवतात, त्यातले बरेचसे या गाडीला झेपणारे नसते. अमेरिकेतल्या अनेक मराठी घरांत सिएना किंवा होंडा ओडिसी असते आणि दोन्हींची मर्यादा सारखीच आहे. म्हणून स्कॅम्प कंपनीच्या सोळा फुटी फायबरग्लास ट्रेलरविषयी लिहिताना मी सुरुवात ट्रेलरपासून न करता गाडीपासून करणार आहे.

ओढण्याच्या क्षमतेचा आकडा ठरवण्याची अमेरिकेतली पद्धत एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संघटनेच्या जे२८०७ या मानकात दिलेली आहे. टोयोटाने ते २०११ च्या मॉडेलांपासून स्वीकारले आणि इतर कंपन्या हळूहळू त्यामागे आल्या. त्यातली चढावाची चाचणी ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळच्या घाटाच्या धर्तीवर आहे. अकरा मैलांहून अधिक लांबीचा तो चढ वातानुकूलन चालू ठेवून, ठरलेल्या किमान वेगाच्या खाली न येता पार करावा लागतो. चाचणी कसून घेतलेली असते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र त्या वेळी गाडीत चालक आणि शेजारी एक प्रवासी, प्रत्येकी १५० पौंडांचे, एवढीच माणसे धरलेली असतात. मागच्या आसनांवर दोन मुले, डिकीत तंबू आणि शिधा, टपावर सायकली असे सामान चढू लागले की तेवढे वजन ट्रेलरच्या वाट्यातून वजा होत जाते. हे जाहिरातीत कुठेही लिहिलेले नसते आणि विक्रेता आपणहून सांगत नाही. आम्हाला एका विक्रेत्याने तर ‘रिकामे वजन तीन हजार आहे, तुमची गाडी साडेतीन ओढते, मग अडचण कसली?’ असा उलटा प्रश्न केला होता.

खरा आकडा चालकाच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या पांढऱ्या-पिवळ्या चिठ्ठीत असतो. प्रवासी आणि सामान यांचे एकत्रित वजन अमुक पौंडांच्या वर जाता कामा नये, असे ती सांगते. याला पेलोड म्हणतात, आणि ते एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांतही वेगळे असू शकते, कारण सनरूफ, चारही चाकांना मिळणारी शक्ती, वरच्या श्रेणीची आसने हे सगळे त्यातूनच वजा झालेले असते. आमच्या गाडीच्या चिठ्ठीत १,१५० पौंड आहेत. आम्हा चौघांचे मिळून ५००, गाडीतले सामान २५० आणि ट्रेलर अडकवण्यासाठी गाडीमागे बसवलेली हिच व तिची जोडणी ५०, असे ८०० पौंड ट्रेलर जोडण्याआधीच खर्ची पडतात. उरलेल्या ३५० पौंडांत ट्रेलरचा तो भार बसवायचा असतो, जो त्याच्या पुढच्या दांडीतून थेट गाडीच्या मागच्या भागावर येतो. या भाराला इकडे सगळे टंग वेट म्हणतात. तो ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो, कारण त्याहून हलका झाला तर ट्रेलर महामार्गावर शेपटीसारखा डोलू लागतो. सिएनाच्या हिचवर टंग वेटची मर्यादाही ३५० पौंडांचीच आहे. ३,५०० पौंडांचा ट्रेलर १२ टक्क्यांनी जोडला तर ४२० पौंड होतात. म्हणजे जाहिरातीतला आकडा शाबूत राहूनही बाकीची दोन्ही गणिते मोडलेली असतात.

या कसोटीला आम्ही पहिल्यांदा लावला तो एअरस्ट्रीमचा बांबी १६आरबी. ओहायोतल्या जॅक्सन सेंटरला तयार होणारा हा ॲल्युमिनियमचा ट्रेलर देखणा आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. त्याचे रिकामे वजन ३,००० पौंड, कमाल अनुज्ञेय वजन ३,५०० पौंड आणि टंग वेट रिकाम्या अवस्थेतच ४०० पौंडांच्या वर आहे. सामानासाठी उरतात ५०० पौंड. त्यातून २३ गॅलन पाण्याचे, गॅलनमागे ८.३४ पौंडांच्या हिशेबाने, १९२ पौंड काढले की भांडी, अंथरुणे, कपडे, खुर्च्या आणि शिधा या सगळ्यांना मिळून तीनशेच्या आसपास पौंड राहतात. टोयोटाच्याच पेट्रोलवर चालणाऱ्या हायलँडरमागे, जिची मर्यादा ५,००० पौंड आहे, हा ट्रेलर शोभेल. मात्र हायलँडर हायब्रिडची मर्यादा ३,५०० आहे, आणि होंडा पायलटही फक्त पुढच्या चाकांना शक्ती देणारी असेल तर ३,५०० आणि चारही चाकांची असेल तर ५,००० अशी दोन आकड्यांत विभागलेली आहे. शेजाऱ्याकडे तीच गाडी आहे आणि तो हा ट्रेलर ओढतो, एवढ्यावरून निर्णय करणे म्हणून धोक्याचे आहे.

स्कॅम्प मिनेसोटातल्या बॅकस या छोट्या गावी तयार होतो आणि दुकानातून नव्हे तर थेट कारखान्यातून विकला जातो. साच्यात ओतलेली फायबरग्लासची दोन कवचे, एक वरचे आणि एक खालचे, कमरेच्या उंचीवर जोडून त्याचे अंग बनते. नेहमीच्या ट्रेलरच्या भिंतीत लाकडाची चौकट असते, कोपऱ्यांवर आणि छताच्या कडांवर सांधे असतात आणि सांध्यातून पाणी झिरपले की लाकूड आतून कुजत जाते. इथे तो सांधा एकच आणि उभ्या भिंतीवर असल्याने जुने स्कॅम्पही रस्त्यावर सर्रास दिसतात आणि वापरलेल्या स्कॅम्पची किंमत फारशी पडत नाही. खिडक्या आणि छतावरच्या झरोक्यांच्या कडा मात्र वेळोवेळी नव्याने सील कराव्या लागतात, हे घेणाऱ्याने गृहीत धरावे.

सोळा फूट ही लांबी पुढची दांडी धरून आहे, आणि रुंदी ६ फूट ८ इंच, म्हणजे सिएनापेक्षा फार थोडी जास्त आहे. कागदावर क्षुल्लक वाटणारी ही बाब रस्त्यावर सर्वांत मोलाची ठरते. आठ फूट रुंद आणि दहा फुटांहून उंच असा सर्वसाधारण ट्रेलर वजनाने हलका असला तरी वाऱ्यासमोर भिंतीसारखा उभा राहतो, आणि मिनीव्हॅनच्या इंजिनाला वजनाइतकेच किंवा सपाटीवर त्याहून अधिक त्या भिंतीशी झगडावे लागते. काही गाड्यांच्या पुस्तिकांत ट्रेलरच्या समोरच्या क्षेत्रफळालाही मर्यादा घातलेली असते. ते पान बहुतेक ग्राहक उघडतच नाहीत. स्कॅम्पची उंची आठ फुटांच्या आत आणि कडा गोलाकार असल्याने समोरून येणारा वारा त्याच्यावरून सरकून जातो. गाडीच्या स्वतःच्या आरशांतून मागचा रस्ताही बराचसा दिसतो.

माहितीपत्रकातले वजन मात्र कोणत्याही कंपनीचे असले तरी पायाभूत मॉडेलचे असते. बॅटरी, एअर कंडिशनर, चांदवा, दुसरा गॅस सिलिंडर अशी एकेक सोय जोडली की ते वाढत जाते. भरलेला वीस पौंडी सिलिंडरच टाकीसह सदतीस पौंडांच्या आसपास भरतो. यावर उपाय एकच, तो म्हणजे प्रवासाला निघताना असतो तसा ट्रेलर भरून ट्रक थांब्यावरच्या कॅट स्केलवर, म्हणजे ट्रक तोलण्याच्या मोठ्या काट्यावर नेणे. गाडीची पुढची चाके, मागची चाके आणि ट्रेलरची चाके वेगवेगळ्या फलाटांवर उभी राहतात आणि हातात येणाऱ्या पावतीवर तिन्ही वजने छापलेली असतात. आमचा ट्रेलर सगळे धरून २,६०० पौंडांच्या आसपास भरला. टंग वेट घरीच मोजता येते. जाड लाकडी ओंडक्याचे एक टोक विटेवर आणि दुसरे टोक न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर ठेवायचे, दांडी विटेपासून एक फुटावर आणि काट्यापासून दोन फुटांवर टेकवायची आणि काट्यावर दिसेल त्या आकड्याला तिनाने गुणायचे. आमच्या काट्याने ९३ दाखवले, म्हणजे सुमारे २८० पौंड: एकूण वजनाच्या जवळपास ११ टक्के, हिचच्या मर्यादेत आणि पेलोडमध्येही सत्तर पौंड शिल्लक ठेवणारे.

चढावर ही शिल्लक कामी येते. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोहून आय-८० महामार्गाने टाहो सरोवराकडे जाताना रस्ता जवळजवळ समुद्रसपाटीपासून ७,२३९ फुटांवर चढतो, आणि उंचीवरच्या विरळ हवेत टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती घटते. अनेक गाड्यांच्या पुस्तिकांत दर हजार फुटांमागे गाडी आणि ट्रेलर यांचे एकत्रित वजन दोन टक्क्यांनी कमी ठेवण्याची सूचना त्यासाठीच असते. सिएना त्या चढावर मोठ्याने गुरगुरते आणि ट्रकांच्या मार्गिकेतून जाते, पण तापमानाचा काटा जागचा हलत नाही. उतारावर काळजी अधिक घ्यावी लागते, कारण हायब्रिडची बॅटरी भरली की तिच्याकडून वेग रोखण्यात होणारी मदत आटते आणि सारी भिस्त इंजिन व ब्रेकवर येते. म्हणून ट्रेलरचे स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक हवेतच. कॅलिफोर्नियात कॅम्पिंग ट्रेलरला १,५०० पौंडांपासूनच ब्रेक सक्तीचे आहेत. ज्या राज्यांत ही मर्यादा ३,००० पौंडांची आहे तिथेही ते घ्यावेत. मिनीव्हॅनमध्ये या ब्रेकचा कंट्रोलर आणि सात पिनांची जोडणी आधीपासून नसते. त्याचा खर्च ट्रेलरच्या किमतीत धरूनच चालावे. ट्रेलर ओढताना कॅलिफोर्नियात ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे आणि ती पाळण्यात गाडीचेही हित आहे, कारण ६५ च्या तुलनेत ५५ वर हवेचा रोध सुमारे २८ टक्क्यांनी कमी होतो. एवढे करूनही गाडीचे मायलेज निम्म्यावर येते, हे सांगायला हवे.

आत शिरल्यावर लहानपणा जाणवतो. मागचे टेबल उतरवून दोघांचा पलंग होतो आणि पुढच्या सोफ्याचे वर-खाली दोन बिछाने होतात; त्यांवर मुले झोपतात, पण कॉलेजात जाणाऱ्या उंच मुलाला तिथे पाय दुमडावे लागतील. टेबल आणि पलंग एकच असल्यामुळे रात्री जेवण उरकून सगळे आवरल्याशिवाय कोणालाच आडवे होता येत नाही. स्वयंपाकाच्या दोन शेगड्यांवर वरणभात आणि एक भाजी व्यवस्थित होते. कुकरच्या शिट्ट्या आत होऊ दिल्या तर मात्र वाफ छताला लागून थेंब धरते आणि थंडीच्या दिवसांत सकाळी भिंतीचे कापड दमट लागते. छतावरचा पंखा आणि समोरची खिडकी एकाच वेळी उघडी ठेवली की हा त्रास बराच आटोक्यात येतो. फोडणी आणि कुकर तर बाहेरच्या शेगडीवर ठेवणे उत्तम. पाण्याची टाकी बारा गॅलनची, म्हणजे शंभर पौंडांची आहे. चार माणसांना अंघोळीसह ती दिवसभरही पुरत नाही, त्यामुळे नळाची सोय असलेले कॅम्पग्राउंडच निवडावे लागते. वाळवंटात आठवडाभर एकट्याने मुक्काम करू इच्छिणाऱ्यांनी या ट्रेलरच्या वाटेला जाऊ नये.

दोन लहान मुलांच्या कुटुंबाला, किंवा मुले घराबाहेर पडल्यावर दोघांनीच फिरायला निघालेल्यांना, मिनीव्हॅन न बदलता घेण्याजोगा म्हणून मी सोळा फुटी स्कॅम्पची निःसंकोच शिफारस करेन. आईवडील भारतातून आले की सहा जणांना मात्र तो पुरणार नाही, आणि त्या वेळी पेलोडही पुरणार नाही. अशा कुटुंबाने मोठ्या ट्रेलरबरोबर मोठ्या गाडीचाही खर्च आधीच मांडावा. वापरलेला घेत असाल तर टायरच्या कडेवर ‘DOT’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकातले शेवटचे चार अंक वाचा. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वयाने संपतात, त्यामुळे नक्षी कोरी दिसत असली तरी पाच-सहा वर्षांचे टायर बदलूनच ट्रेलर घरी न्यावा, आणि त्याच वेळी चाकांच्या बेअरिंगमध्ये नवे ग्रीस भरून घ्यावे.