चार स्टार, पाचवा स्कॅन सुरू करून दिल्यावर

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ माझं टॅक्सचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर, हाताखाली दोन मुली आणि चहापासून बँकेच्या स्लिपांपर्यंत सगळं बघणारे मामा. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत झेरॉक्सवाल्याच्या वरच्या मजल्यावर प्रिंटर दुरुस्तीचं एक छोटं दुकान आहे, त्याबद्दल लिहितेय. नाव टाकत नाही. त्या मुलाला आधीच फोन उचलायला सवड नसते.

प्रकरण सुरू झालं महिन्याच्या १६ तारखेला. २० तारखेला थ्री-बी (जीएसटीचं दरमहाचं रिटर्न) भरायची, म्हणजे ऑफिसात श्वास घ्यायला फुरसत नाही. सगळं ऑनलाइन असताना प्रिंटर हवा कशाला, असं माझी पुण्याची भाची विचारते. तिने आमचे क्लायंट पाहिलेले नाहीत. चलनाचा कागद हातात पडून त्यावर आमचा शिक्का बसेपर्यंत त्यातल्या निम्म्यांना टॅक्स भरल्यासारखंच वाटत नाही. तर त्या दिवशी दुपारी लाइट गेली, अर्ध्या तासाने आली, आणि माझ्या व एका मुलीच्या कॉम्प्युटरवर प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसायला लागला. दाराजवळच्या कॉम्प्युटरवरून मात्र प्रिंट छान येत होती. प्रिंटर तिकडे हिरवा दिवा लावून निवांत बसलेला. आम्ही पेनड्राइव्ह घेऊन दारापर्यंत येरझाऱ्या घालतोय.

ज्यांच्याशी आमचं वर्षाचं कंत्राट आहे त्यांचा माणूस दुसऱ्या दिवशी आला. त्याने ती काळी खिडकी उघडून प्रिंटरच्या नेटवर्कवरच्या नंबरला पिंग मारला, म्हणजे तिथून कोणी ओ देतंय का ते पाहिलं. चारही ओळी उत्तर आलं. “नेटवर्क ओके आहे मॅडम, फॉरमॅटर बोर्ड गेलाय. साडेसहा हजार.” माझ्याकडची मुलगी म्हणाली, बोर्ड गेलाय तर दाराजवळच्या पीसीवरून कसं येतंय? तर म्हणे, “येतंय तोवर काढून घ्या.” हे वाक्य आता आमच्या ऑफिसात म्हणीसारखं चालतं. डबा उघडला तरी कोणीतरी म्हणतंच.

शेजारच्या वकीलसाहेबांनी या मुलाचा नंबर दिला. सकाळी दहाला येतो म्हणाला आणि पावणेपाचला आला. अर्धा स्टार तिथेच कापणार होते. पाठीवर कॉलेजची वाटावी अशी सॅक, वयाने माझ्या मुलाएवढा. प्रिंटरला हात न लावता पहिला प्रश्न विचारला, “मॅडम, लाइट कधी गेलेली?”

मला वाटलं, गप्पा मारतोय. पण पुढचा प्रश्न तयारच होता. याआधी प्रिंटर असा रुसला तेव्हाही लाइट गेली होती का? आम्ही तिघी एकमेकींकडे बघायला लागलो. गेली होती. दरवेळी गेली होती, आणि दरवेळी आम्ही सगळं बंद-चालू करत बसायचो. कधी जमायचं, कधी नाही.

मग त्याने प्रिंटरवरचं एक बटण दाबून धरलं. बारीक अक्षरांचा एक कागद बाहेर आला. त्यातल्या एका ओळीला त्याने पेनाने गोल केला: १९२.१६८.१.७. हा प्रिंटरचा आत्ताचा पत्ता. मग माझ्या कॉम्प्युटरवर प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पोर्ट्स’ उघडलं, म्हणजे कॉम्प्युटर कागद कुठल्या पत्त्यावर पाठवतो ते. तिथे शेवटचा आकडा होता ५.

“मग हा पाच कोणाचा?” असं म्हणत त्यानेही पाचला पिंग मारला. उत्तर आलं. “मामा, जरा प्रिंटरचं बटण बंद करा.” मामांनी भिंतीवरचं बटण खटकन बंद केलं, हिरवा दिवा विझला. स्क्रीनवर उत्तरं येतच होती. प्रिंटर मेलेला आणि प्रिंटरच्या नंबरवरून कोणीतरी ओ देतंय! त्याने राउटरचं पान उघडलं, जोडलेल्या उपकरणांची यादी काढली. पाच नंबरवर एक मोबाईल. मामांनी शर्टाच्या खिशातून स्वतःचा फोन काढला, यादीतलं नाव वाचलं आणि ओशाळून म्हणाले, “माझाच की हा.” त्यांनी वायफाय बंद केलं आणि स्क्रीनवरची उत्तरं थांबली.

कंत्राटवाल्याला जे उत्तर मिळालं होतं, ते मामांच्या खिशातून.

याचं कारण मुलाने चहा पीत सांगितलं, आणि ते मला पटलं. राउटर प्रत्येक उपकरणाला नंबर वाटतो, कायमचा देत नाही. आमचे कॉम्प्युटर यूपीएसवर आहेत. लेझर प्रिंटर नाही, कारण शाई कागदावर बसवायला त्यातला रोलर तापतो आणि तेवढा लोड आमचा यूपीएस घेत नाही. राउटरचा प्लग कोणीतरी सोयीसाठी प्रिंटरशेजारच्याच सॉकेटमध्ये घातलेला. (कोणीतरी म्हणजे मीच.) लाइट गेली की दोघेही बंद. परत येताना राउटर कोणाला काय दिलं होतं ते विसरलेला, प्रिंटर अजून जागा होतोय, तोवर खिशातला फोन पाच नंबर पटकावून मोकळा. आमचे दोन कॉम्प्युटर त्या पाचलाच कागद पाठवत राहिले. दाराजवळच्याला मात्र विंडोजने स्वतः प्रिंटर शोधून डब्ल्यूएसडी नावाचं पोर्ट लावलं होतं. ते नंबर धरून बसत नाही, म्हणून त्याचं चालू होतं.

दुरुस्तीला अर्धा तास लागला. प्रिंटरच्या मागे स्टिकरवर बारा अक्षरी-आकडी मॅक अॅड्रेस असतो, म्हणजे त्या यंत्राची स्वतःची कायमची ओळख. तो राउटरमध्ये टाकून त्याने प्रिंटरला ५० नंबर राखून ठेवला, म्हणजे आता तो दुसऱ्या कोणाला मिळायचा नाही. तिन्ही कॉम्प्युटरना त्याच नंबरचं टीसीपी/आयपी पोर्ट लावलं. त्यातली एसएनएमपीची, म्हणजे प्रिंटरला त्याची हालहवाल विचारत राहण्याची, टिक काढली. त्या टिकेमुळेही प्रिंटर कधीकधी धडधाकट असून ऑफलाइन दिसतो म्हणे. राउटरचा प्लग यूपीएसवर नेला.

पोर्ट बदलल्याबरोबर प्रिंटर जो सुटला! एकच चलन अकरा वेळा. मुलीने गेले दोन दिवस रागारागाने दाबलेले सगळे प्रिंट रांगेत तुंबलेले होते. कॅन्सल केलं तर नुसतं ‘डिलीटिंग’ म्हणत बसलं. त्याने सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारा प्रोग्रॅम) थांबवला, विंडोजच्या सिस्टिम३२ मधल्या स्पूलच्या आतलं प्रिंटर्स हे फोल्डर रिकामं केलं, स्पूलर पुन्हा चालू केला. स्वतः करून मोकळा झाला नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर मुलीकडून करून घेतलं आणि तिला आवक-जावक रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहायला लावलं. फक्त फोल्डरच्या आतलं काढायचं, फोल्डर नाही, असं दोनदा बजावलं. यासाठी तो कापायचा अर्धा स्टार मी परत दिला.

पैसे घेतले ४००. बिल मागितल्यावर गोंधळला. टॅक्सवालीकडे येऊन बिल नाही म्हणजे कमाल झाली. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर पाठवलं, तारीख चुकीची.

त्याला आता तीन महिने होतील, आणि तेही पावसाळ्याचे. लाइट किती वेळा गेली त्याचा हिशेब ठेवलेला नाही. प्रिंटर एकदाही ऑफलाइन गेला नाही. मधे टोनरही त्याच्याकडूनच भरून घेतला. पहिल्या वीसेक पानांना कडेने राखाडी पट्टा येत होता. फोन केला, तीन दिवसांनी का होईना येऊन कार्ट्रिज बदलून दिलं, जास्तीचे पैसे घेतले नाहीत.

राहिलं स्कॅनचं. आमचा प्रिंटर जुना. कॉम्प्युटरवरच्या फोल्डरमध्ये स्कॅन टाकायला तो एसएमबीची, म्हणजे नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याच्या पद्धतीची, पहिली आवृत्ती वापरतो. माझ्या जुन्या विंडोज ७ वर ते चालायचं. पण २०१७ च्या शेवटी आलेल्या विंडोज १० पासून नव्याने विंडोज टाकली की फाइली घ्यायला लागणारी ती आवृत्ती त्यात मुळात चालू नसते. कंत्राटवाला ती चालू करून द्यायला एका पायावर तयार होता. हा मुलगा नाही म्हणाला. २०१७ च्याच मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस याच वाटेने जगभर पसरला होता, तुमच्याकडे लोकांचे पॅन आणि बँकेचे स्टेटमेंट आहेत, मी हे दार उघडणार नाही, असं सरळ सांगितलं. मला आवडलं ते. त्याऐवजी एका कॉम्प्युटरवर छोटा एफटीपी सर्व्हर, म्हणजे फाइली घ्यायची दुसरी सोय, लावून देतो म्हणाला.

तो अजून लागायचा आहे. दुपारी एक ते चार त्याचा फोन लागत नाही, चारनंतर दुसऱ्याच्या प्रिंटरमध्ये डोकं घातलेलं असतं. काल उचलला. “मॅडम, शनिवारी नक्की.” कुठल्या शनिवारी, ते विचारायच्या आत मागून कोणीतरी हाक मारली आणि फोन ठेवला.