हवालदाराच्या ओळीतला चीफ

सैन्यदलांच्या हुद्द्यांचा एक लॅमिनेट केलेला भिंतीवरचा तक्ता मी गेल्या महिन्यात रत्नागिरीतील शैक्षणिक साहित्याच्या एका दुकानातून १८० रुपयांना घेतला. आमच्या गावच्या वाचनालयात भरतीची तयारी करणारी दहा-बारा मुले संध्याकाळी बसतात आणि गावात निवृत्त फौजींची घरेही बरीच आहेत, त्यामुळे असा तक्ता भिंतीवर असावा ही जुनीच इच्छा होती. छपाई स्वच्छ आहे, फितींचे रंग भडक झालेले नाहीत आणि लॅमिनेशन चांगले जाड असल्याने श्रावणातल्या दमट हवेतही कागद लिबलिबीत झाला नाही. वरची टांगण्याची पट्टी मात्र लोखंडी आहे. खाऱ्या वाऱ्याने ती पंधरा दिवसांतच तांबूस झाली, तेव्हा समुद्रकाठच्या ग्राहकांनी ती आधीच काढून तिथे लाकडी पट्टी ठोकलेली बरी.

तक्त्याची मांडणी आडव्या ओळींची आहे. एका ओळीत जे हुद्दे आले ते समान, असे वाचणाऱ्याने समजावयाचे. नेमकी हवालदाराची ओळ, म्हणजे ज्या ओळीसाठी आमच्याकडचा माणूस हा तक्ता पाहणार ती ओळ, चुकलेली आहे. भूदलाच्या हवालदारासमोर नौदलाच्या रकान्यात चीफ पेटी ऑफिसर छापला आहे. वास्तविक हवालदाराच्या बरोबरीचा असतो तो पेटी ऑफिसर आणि हवाई दलात सार्जंट. चीफ पेटी ऑफिसर हा नायब सुभेदाराच्या पंक्तीतला, म्हणजे जेसीओंच्या (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसरांच्या) बरोबरीचा असून हवाई दलातील ज्युनियर वॉरंट ऑफिसरही त्याच पंक्तीत येतो. ही एका घराची चूक किरकोळ वाटेल. पण एनसीओ (नॉन-कमिशन्ड ऑफिसर, म्हणजे हवालदार आणि त्याखालचे नाईक वगैरे) आणि जेसीओ यांच्यामधली रेघ फौजेत फार ठळक असते. बाहीवरच्या तीन फिती जाऊन खांद्यावर तारा येतो, मेस बदलते आणि हाताखालची माणसे ‘साहेब’ म्हणू लागतात. तक्त्यापुढे उभे राहिलेले आमचे शेजारी, नौदलातून पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले, दोन मिनिटे काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, “गुरुजी, यांनी मला पेन्शनीत असताना बढती दिलीन.”

दुसरी उणीव अशी की कंपनी हवालदार मेजर आणि कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार हे दोन स्वतंत्र हुद्दे म्हणून दाखवले आहेत. प्रत्यक्षात हे हुद्दे नसून हवालदाराकडे सोपवलेल्या नेमणुका आहेत: पहिल्याकडे कंपनीची, म्हणजे त्या तुकडीची, शिस्त आणि हजेरी, दुसऱ्याकडे सामान आणि शिधा. १९४८ मध्ये काश्मीरमधील टिथवालला धारातीर्थी पडलेले पीरू सिंग पहिल्या नेमणुकीवर होते, १९६५ मध्ये खेमकरणला पाकिस्तानी रणगाडे फोडणारे अब्दुल हमीद दुसऱ्या. दोघांनाही मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. मुलांना ही नावे पाठ असतात, नावाआधीची ‘सीएचएम’, ‘सीक्यूएमएच’ ही लांबलचक अक्षरे मात्र कशाची हे त्यांना कोणी सांगत नाही, आणि तक्त्याने ते सांगण्याची संधी घालवली आहे.

परदेशी सैन्यांचे रकाने त्या मानाने काळजीपूर्वक केलेले आहेत, याचे मला आश्चर्य वाटले. ब्रिटिश फिती खाली टोक करून आणि अमेरिकन फिती वर टोक करून छापल्या आहेत. १८१३ साली सुरू झालेल्या ब्रिटिश कलर सार्जंटच्या तीन फितींवर मुकुटही आहे. अमेरिकेचा मास्टर सार्जंट भूदलात ई-८ या वेतनश्रेणीत आणि हवाई दलात ई-७ मध्ये येतो, म्हणजे नाव तेच पण पायरी वेगळी. हा बारकावा तक्त्यात अचूक उतरला आहे. जर्मन फेल्डवेबेल (तिकडचे सार्जंट) मंडळींचा रकाना इतक्या बारीक अक्षरांत आहे की चष्मा लावूनही मी तो सोडून दिला.

नेपाळचा रकाना तक्त्यात असता तर मला अधिक आनंद झाला असता, कारण तिथे अमलदाराच्या वर आणि जमदाराच्या खाली असलेल्या हुद्द्याचे नावच ‘हुद्दा’ असे आहे. मराठी आवृत्ती म्हणून विकल्या जाणाऱ्या तक्त्यात शिवकाळाचा एक छोटा चौकोनही हवा होता. त्या काळी हवालदार म्हणजे गडाचा मुख्य अंमलदार. किल्ल्याच्या किल्ल्या त्याच्या ताब्यात असत आणि सबनीस व सरनौबत त्याच्या जोडीला असत. पायदळात मात्र पाच नाइकांवर एक हवालदार असे. ‘हवाला’, म्हणजे ताबा, ज्याच्याकडे तो हवालदार, हा अर्थ दोन्हीकडे लागू पडतो. पुढे हाच शब्द ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने उचलला, आणि आज तो मुंबईत चौकातल्या पोलिसालाही लावतात. ४ डिसेंबर २०२३ रोजी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या साक्षीने मालवणात झालेल्या नौदल दिनी, नौदलातील हुद्द्यांना भारतीय परंपरेतील नावे देण्याची घोषणा पंतप्रधानांनी केली होती; पुढची आवृत्ती काढताना प्रकाशकाने नौदलाचा रकाना तेवढ्यासाठी तरी पुन्हा तपासावा.

दुकानदाराला चूक दाखवली तेव्हा त्याने तक्रार न करता तक्ता परत घेण्याची तयारी दाखवली, परंतु दुसरा तक्ता दिला असता तर तोही त्याच छापाचा असता. म्हणून मी तो ठेवून घेतला. भरतीच्या मुलांसाठी फिती आणि तारे ओळखण्यापुरता तो १८० रुपयांना महाग नाही; बरोबरीचे हुद्दे शोधण्यासाठी मात्र कोणी त्यावर विसंबू नये. आमच्या वाचनालयात सध्या त्या चुकलेल्या घरावर कागदाची पांढरी पट्टी चिकटवली आहे आणि तिच्यावर शेजाऱ्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरांत ‘पेटी ऑफिसर’ असे लिहून बाजूला एकमेकांवर तिरके ठेवलेले दोन नांगर काढले आहेत.