मँचेस्टरमध्ये एक्स्चेंज विद्यार्थी म्हणून: एक सत्र घ्यावं की पूर्ण वर्ष?

मँचेस्टरच्या जागेवर नाव लागलं की फॉर्ममध्ये विचारतात: सप्टेंबर ते जानेवारी, जानेवारी ते जून, की पूर्ण वर्ष? बहुतेक मुलं खर्चाचा ढोबळ अंदाज बांधून एक सत्र लिहून टाकतात. पूर्ण शैक्षणिक वर्ष तिथे काढल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की व्हिसा, खोली, दवाखाना, कामाची परवानगी हे सगळं त्या एका खुणेवर ठरतं. म्हणून हा अनुभव त्याच अंगाने लिहिला आहे. आकडे २०२५-२६ चे आहेत. सरकारी शुल्कं बहुधा एप्रिलमध्ये वाढतात, तेव्हा अर्ज करताना ताजा आकडा बघाच.

आधी पत्र नीट वाचा. ‘एक्स्चेंज’ म्हणजे दोन संस्थांमध्ये करार आहे, फी आपल्या कॉलेजात भरायची आणि तिथे शिक्षणशुल्क नाही. ‘स्टडी अब्रॉड’ म्हणजे तिथली पूर्ण फी तुमच्या डोक्यावर. दोन्हींचे वर्ग, खोल्या, ओळखपत्रं सारखीच असतात, पण बिलात लाखोंचा फरक पडतो.

आता व्हिसा. मुक्काम सहा महिन्यांच्या आत असेल तर स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर शिकता येतं. तो स्वस्त, कागद कमी, टीबीची तपासणी नाही, आरोग्य अधिभार (सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायची रक्कम) नाही. पण त्यावर काम अजिबात करता येत नाही, बिनपगारी इंटर्नशिपसुद्धा नाही. शिवाय तिथे राहून त्याचा स्टुडंट व्हिसा करून मिळत नाही. डिसेंबरमध्ये ‘अजून एक सत्र थांबू या’ असं वाटायला लागतं, कारण तेव्हाच कुठे जम बसलेला असतो. मग भारतात परत येऊन नव्याने अर्ज करावा लागतो आणि तेवढ्यात दुसऱ्या सत्राचे पहिले आठवडे हातचे जातात.

पूर्ण वर्षाला स्टुडंट व्हिसा लागतो. त्यासाठी विद्यापीठाकडून सीएएस क्रमांक (प्रवेश पक्का असल्याचा संदर्भ क्रमांक), मान्यताप्राप्त केंद्रातून टीबीचं प्रमाणपत्र (ते सहा महिने चालतं) आणि वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार. इथे एक बारीक खोच आहे. सहा महिन्यांहून मोठ्या पण वर्षाच्या आतल्या अभ्यासक्रमाला व्हिसा देताना आधीचा एक महिना आणि नंतरचे दोन महिने जोडतात. ही बेरीज बारा महिन्यांच्या वर गेली की अधिभार दीड वर्षाचा, म्हणजे आणखी ३८८ पौंड. म्हणून सीएएसवरच्या सुरू आणि समाप्तीच्या तारखा आधीच मोजून घ्या.

पैशांच्या पुराव्यात अर्ज सगळ्यात जास्त अडकतात. लंडनबाहेरच्या शहरासाठी नोव्हेंबर २०२५ पासून महिन्याला १,१७१ पौंड, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे, म्हणजे १०,५३९ पौंड दाखवावे लागतात. ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी आणि त्यातला शेवटचा दिवस अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांत पडायला हवा. एखाद्या दिवशी ईएमआय किंवा विम्याचा हप्ता कापला जाऊन शिल्लक खाली गेली की मोजणी पुन्हा एकपासून. रुपयाचा भाव घसरतो त्याचाही हिशोब ठेवा आणि पन्नास-साठ हजार वर असू द्या. खातं आई-वडिलांचं असेल तर तुमचा जन्मदाखला आणि त्यांचं संमतिपत्र जोडा. सीएएसमध्ये शिक्षणशुल्क शून्य नोंदलं आहे ना हेही पाहा. तिथे चुकून पूर्ण फी पडली असेल तर तीही दाखवावी लागते.

राहण्याच्या परवान्याचं प्लास्टिकचं बीआरपी कार्ड २०२४ अखेर बंद झालं, आता ई-व्हिसा. यूकेव्हीआय (ब्रिटनचा व्हिसा विभाग) खात्याला पासपोर्ट जोडा आणि शेअर कोड (आपला व्हिसा दुसऱ्याला ऑनलाइन दाखवणारा कोड) कसा काढायचा हे घरीच करून बघा. घरमालक आणि नोकरी देणारा दोघंही तोच मागतात.

आता क्रेडिट. याबद्दल कळकळीने सांगायचं आहे, कारण व्हिसा हुकला तर निदान लगेच कळतं. क्रेडिट हुकल्याचं परत आल्यावर कळतं. ब्रिटनमध्ये एका सत्राला ६० क्रेडिट, वर्षाला १२०. एक ब्रिटिश क्रेडिट म्हणजे दहा तासांचं काम, त्यात तासिका आणि स्वतःचा अभ्यास दोन्ही आले. आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एक क्रेडिट तीस तासांचं. म्हणजे तीन ब्रिटिश क्रेडिट बरोबर आपलं एक, आणि ६० म्हणजे २०. कॉलेजात तुमच्या सत्राला २२ क्रेडिट असतील तर दोन कमी पडणार. ती कशी भरायची (ऑनलाइन कोर्स, प्रकल्प, पुढच्या सत्रात जास्तीचा विषय) हे विभागप्रमुखांच्या सहीने निघण्याआधी लिहून घ्या. तोंडी ‘बघू आल्यावर’ चालत नाही. वर्षभरात समन्वयक बदलतात.

गुणांचंही तसंच. तिथे पदवीला ४० ला पास आणि ७० ला प्रथम श्रेणी. ६८ म्हणजे चांगला निकाल, वर्गात वरच्या रांगेतला. तेच ६८ इकडच्या परीक्षा विभागाने जसेच्या तसे टक्के म्हणून चढवले की सीजीपीए पडतो. रूपांतराचा तक्ता करारात नसेल तर मागा. ‘७० आणि वर म्हणजे आपला सर्वोच्च ग्रेड’ एवढं एक वाक्य कागदावर असलं तरी पुढचे वाद मिटतात.

विषय निवडताना कोडमधला पहिला अंक पाहा. तो बहुधा वर्ष सांगतो. तिसऱ्या वर्षाच्या विषयाला आधीच्या दोन वर्षांची पूर्वअट असते आणि सगळ्याच विभागांचे विषय एक्स्चेंजवाल्यांना खुले नसतात. सहा विषय हवे असतील तर दहा मंजूर करून घ्या, वेळापत्रक लागल्यावर दोन-तीन एकमेकांवर येतातच. बदल करायला सुरुवातीचे जेमतेम दोन आठवडे मिळतात.

अभ्यासाची पद्धत पचायला वेळ लागतो. तासिका कमी, वाचन भरपूर. एका विषयाचे सगळे गुण कधी एक निबंध आणि एक परीक्षा एवढ्यावरच असतात. मधल्या चाचण्यांवर सावरून घ्यायची सवय असलेल्यांना हे जड जातं. मुदत दुपारी दोनची असेल तर दोन वाजून एक मिनिटाला उशीर धरतात आणि गुण कापतात. संदर्भ न देता चार ओळी उचलल्या तर टर्निटिन हे नक्कल शोधणारं सॉफ्टवेअर पकडतं आणि प्रकरण चौकशीपर्यंत जातं. पहिल्या सत्राच्या परीक्षा नाताळच्या सुट्टीनंतर जानेवारीत असतात, हे परतीचं तिकीट काढताना विसरू नका. नापास झालात तर फेरपरीक्षा ऑगस्टमध्ये. तोवर तुम्ही भारतात असता, म्हणून ती इथून देता येते का ते आधी विचारून ठेवा.

खोलीच्या बाबतीत एक सत्रवाल्यांची सर्वाधिक ओढाताण होते. विद्यापीठाच्या हॉलचे (वसतिगृहांचे) करार साधारण ४० ते ४२ आठवड्यांचे असतात, सत्रापुरत्या खोल्या मोजक्याच. भाडं आठवड्याचं सांगतात, साधारण १३० ते २२० पौंड. महिन्याचं समजून फसू नका. फॅलोफिल्डचे हॉल स्वस्त आणि गजबजलेले, व्हिक्टोरिया पार्क शांत, शहरातले महाग पण वर्गापर्यंत चालत जाता येतं. बाहेर घर घेतलंत तर अनामत पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही आणि ती तीस दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा व्हायला हवी. ती पावती मागा. घर प्रत्यक्ष किंवा निदान व्हिडिओवर पाहिल्याशिवाय एक पौंडही पाठवू नका. आणखी एक: पूर्णवेळ विद्यार्थ्याला कौन्सिल टॅक्स (आपल्या घरपट्टीसारखा स्थानिक कर) माफ असतो, पण अभ्यासक्रम वर्षात किमान २४ आठवड्यांचा लागतो. एका सत्राचा मुलगा खाजगी घरात राहिला तर इथे अडचण येऊ शकते. हॉलमध्ये हा प्रश्न नाही.

स्वयंपाकघर सहा ते दहा जणांत एक. खोलीत आणि बोळात धुराचे सेन्सर असतात, स्वयंपाकघरात बहुधा उष्णतेचे. त्यामुळे मोहरी तडतडली म्हणून अलार्म वाजत नाही. दार उघडं ठेवून फोडणी दिली की धूर बोळात जातो आणि वाजतो. मग रात्री अकरा वाजता अख्खी इमारत खाली. फोडणी देताना दार बंद, खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू, तेल मध्यम आचेवर. शेगडी विजेची असते आणि बऱ्याच हॉलमध्ये टायमरने आपोआप बंद होते, तेव्हा कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला शेगडीच गार असं होऊ नये म्हणून सुरू करण्याआधी बटण पुन्हा दाबा. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. लोहचुंबक चिकटेल अशा बुडाचा स्टीलचा, दोन-तीन लिटरचा कुकर न्या. मँचेस्टरचं पाणी लेक डिस्ट्रिक्टच्या जलाशयांतून येतं आणि मऊ असतं. तूरडाळ घरच्यासारखी शिजते, चहाही छान होतो. लंडनच्या जड पाण्यात हे सुख नाही.

रशोम भागातल्या करी माइल या रस्त्यावर तूरडाळ, पोहे, साबुदाणा, कढीपत्ता सगळं मिळतं. गोडा मसाला, कोकम, मेतकूट मात्र घरून न्या. तूप, पेढे, खवा, चक्का नेऊ नका: भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेण्यास बंदी आहे.  रोजच्या किराण्याला आल्डी आणि लिडल बरी. रविवारी मोठी दुकानं फक्त सहा तास उघडी असतात, रात्री आठला पिशवी घेऊन निघाल तर परत याल.

दवाखान्याचं काम पहिल्या आठवड्यातच उरका. जवळच्या जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदवणं फुकट असतं आणि त्यासाठी पत्त्याचा पुरावा सक्तीचा नाही. स्टुडंट व्हिसावर अधिभार भरलेला असल्याने रुग्णालयाचे उपचारही त्यात येतात. व्हिजिटर व्हिसावर जीपी आणि तातडीचा विभाग सोडला तर रुग्णालय बिल लावतं, तेही मूळ खर्चाच्या दीडपट. म्हणून एक सत्रवाल्यांनी विमा घेतलाच पाहिजे. औषधाला प्रत्येक नगामागे ९.९० पौंड. उत्पन्न कमी असेल तर एचसी१ अर्ज भरून एचसी२ प्रमाणपत्र मिळवा, मग तेही माफ. घसा, सायनस यांसाठी जीपीची वाट न बघता थेट फार्मसीत जा, २०२४ पासून काही ठरावीक आजारांवर फार्मासिस्टच औषध देऊ शकतो. दात आणि चष्मा इथूनच करून जा. तिथे एनएचएसचा (सरकारी आरोग्यसेवेचा) दंतवैद्य मिळवणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

प्रवास हा शहराचा मोठा गुण. जानेवारी २०२५ पासून ग्रेटर मँचेस्टरच्या बस सार्वजनिक नियंत्रणाखाली, पिवळ्या रंगात, बी नेटवर्क नावाने धावतात. एका फेरीला २ पौंड आणि त्याच भाड्यात तासाभरात कितीही बस बदला. दिवसाला ५ आणि आठवड्याला २० पौंडांच्या वर कापत नाहीत, मात्र दरवेळी तेच कार्ड टेकवायला हवं. सकाळी फोन आणि संध्याकाळी कार्ड टेकवलंत तर यंत्राच्या लेखी तुम्ही दोन माणसं. बसमध्ये चढताना एकदाच टेकवायचं, ट्रामला चढताना आणि उतरताना. फॅलोफिल्डहून विद्यापीठाच्या ऑक्सफर्ड रोडला १४२, १४३ अखंड येत असतात. मध्यरात्रीच्या विमानाला ४३ नंबर, ती चोवीस तास चालते. गावाबाहेर जायचं तर ३५ पौंडांचं १६-२५ रेलकार्ड (रेल्वे भाड्यात सवलत देणारं कार्ड) दोन लंडन फेऱ्यांत वसूल होतं. सोमवार ते शुक्रवार सकाळी दहाच्या आधी त्याला किमान भाड्याची अट लागते.

काम. स्टुडंट व्हिसावर पदवीच्या मुलांना सत्र चालू असताना आठवड्याला २० तास. परीक्षांचे आठवडे सत्रातच धरतात. पण स्वयंरोजगार बंद आहे, आणि घरपोच जेवण पोचवणाऱ्या ॲपचं काम त्यातच मोडतं. दुसऱ्याचं खातं भाड्याने घेऊन ते करणारी मुलं दिसतील. त्यांच्या नादी लागू नका, व्हिसा जातो. भारतातल्या क्लायंटचं फ्रीलान्स कामही याच नियमात येतं.

भारतातलं सिम रोमिंग चालू ठेवून सोबत असू द्या. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात आणि ते बंद पडलं तर घरचे पैसे असूनही वापरता येत नाहीत. प्लग तिथे तीन चौकोनी पिनांचा. एक अडॅप्टर आणि एक एक्स्टेंशन बोर्ड पुरतो. डिसेंबरात साडेआठच्या सुमारास उजाडतं आणि चारच्या आत अंधारतं. ऑक्टोबर ते मार्च रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा तिथला अधिकृत सल्ला आहे, तो पाळा. छत्रीपेक्षा टोपीचं वॉटरप्रूफ जॅकेट कामाला येतं, कारण पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो.

माझा कौल पूर्ण वर्षाला आहे. खर्च साधारण दुप्पट होतो, पण काम करता येतं, दवाखान्याची चिंता नाही, खोली सहज मिळते, आणि पहिल्या सत्रात पद्धत कळल्यावर दुसऱ्यात गुण सुधारतात. इकडे तिसऱ्या वर्षाला प्लेसमेंट असेल किंवा कॉलेज २० पेक्षा जास्त क्रेडिट मानायला तयार नसेल, तर मात्र एकच सत्र घ्या आणि शक्यतो जानेवारी ते जूनचं. तेव्हा दिवस मोठे होत जातात आणि परीक्षा सत्राला लागूनच संपतात.

निघण्यापूर्वी हॉलच्या खोलीचे फोटो तारखेसह काढा, जीपीला आणि बँकेला कळवा, आणि गुणपत्रिका कोणत्या पत्त्यावर, कोणाच्या ईमेलवर जाणार ते समन्वयकाकडून लेखी घ्या. जूनचे गुण परीक्षा मंडळाच्या बैठकीनंतरच पक्के होतात, त्यामुळे अधिकृत गुणपत्रिका हातात यायला जुलै उजाडतो. इकडचं पुढचं वर्ष त्याआधी सुरू होत असेल तर तात्पुरत्या प्रवेशाचा अर्ज मे महिन्यातच देऊन ठेवा.