दांडिया बाजारातल्या जुन्या घरात १०० एमबीपीएस: दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

नोव्हेंबर २०२४ मध्ये आम्ही घरी फायबरचं इंटरनेट घेतलं. प्लॅन १०० एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटचा, महिन्याला ५९९ रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ७०७. कंपनीचं नाव घेत नाही. जो त्रास झाला त्यातला काही कंपनीच्या तारेतला होता आणि बराचसा आमच्या घरातला. कुठला कुठला, हे वेगळं करायला मला चार महिने लागले. दुसऱ्या कुणाचे ते चार महिने वाचावेत, एवढ्यासाठी सविस्तर लिहिते आहे.

घर बडोद्याच्या दांडिया बाजारात, आजेसासऱ्यांच्या वेळचं. रस्त्याकडून अरुंद आणि आत लांबच लांब: पुढे बैठक, मग माजघर, मग चौक, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून माझी खोली. भिंती विटा-चुन्याच्या, दीड-दोन फूट जाड. मागच्या खोलीत मी संध्याकाळी सहा ते साडेआठ आठवी ते दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. कनेक्शन जोडायला आलेल्या मुलाने राउटर बैठकीत, टीव्हीच्या मागे बसवला, कारण तार तिथूनच आत येत होती. मीही काही बोलले नाही.

पहिल्या आठवड्यातच मुलं म्हणू लागली, "मॅडम, तुमचा आवाज तुटतोय." तक्रार केली की एकच उत्तर, राउटर बंद करून चालू करा. माणूस आला, राउटरशेजारी उभं राहून मोबाइलवर स्पीड मोजला, ९६ आला, मला दाखवला आणि गेला. त्याचं मोजमाप खरं होतं आणि माझी तक्रारही खरी होती, पण तेव्हा मला ते मांडता येईना.

डिसेंबरात भाचा सुट्टीला आला. त्याने पहिली गोष्ट केली ती ही: लॅपटॉप वायरने थेट राउटरला जोडला. वायरवर ९४. तोच लॅपटॉप वायफायवर माझ्या खोलीत, ७. बाहेरची लाइन ठीक होती, वेग घरातच जिरत होता. स्लो नेटची तक्रार करण्याआधी प्रत्येकाने ही एक चाचणी करावीच. वायफायवर मोजलेल्या आकड्यावरून कंपनीशी भांडता येत नाही आणि भांडूही नये. ९४ बघून काळजी करू नका, १०० च्या पोर्टवर, म्हणजे वायर जोडायच्या खाचेवर, वरखर्च वजा जाता तेवढेच मिळतात. डाउनलोड होताना दिसणारे ११-१२ हे एमबी, म्हणजे मेगाबाइट, असतात, आठ बिटांचा एक बाइट, त्यामुळे शंभराचे साडेबाराच होणार. आमच्या मुलाने यावरून दोनदा कंपनीला फोन केला होता, म्हणून हे लिहिलं.

मग वायफाय. राउटर दोन बँडचा, म्हणजे दोन वेगळ्या लहरींवर चालणारा, आहे. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण आमच्या पहिल्याच भिंतीत संपतो. २.४ माझ्या खोलीपर्यंत पोहोचतो, पण त्यावर गर्दी. भाच्याने मोबाइलवरच्या ॲपमध्ये दाखवलं, आमच्या माजघरातून शेजाऱ्यापाजाऱ्यांची एकोणीस नेटवर्क दिसत होती. या बँडमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. आमचा राउटर आपोआप ६ वर बसला होता आणि निम्मी गल्लीही तिथेच. ११ वर हलवला, राउटर टीव्हीमागून काढून उंच फळीवर ठेवला, तेवढ्याने ७ चे २० झाले.

तरी शिकवायला तो वेग भरवशाचा नव्हता. सिग्नल वाढवणारा रिपीटर घ्यायचा विचार होता, भाच्याने थांबवलं. स्वस्तातला रिपीटर त्याच कमजोर सिग्नलवर उभा राहतो आणि घेणं-देणं दोन्ही त्याच बँडवर करतो, म्हणजे वेग आणखी अर्धा. त्याऐवजी आम्ही माळ्यावरून मागच्या खोलीपर्यंत वीस मीटर कॅट-६, म्हणजे नेटवर्कची, वायर ओढली आणि जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वायरने आलेलं नेट वायफायवर देण्यापुरता, तिथे लावला. त्याची डीएचसीपी, म्हणजे घरातल्या यंत्रांना नेटवर्कचे पत्ते वाटायची सोय, बंद करावी लागते, नाहीतर दोन राउटर एकाच घरात पत्ते वाटत बसतात. वायर आणि क्लिपा मिळून हजाराच्या आत काम झालं. माझ्या खोलीत आता ९० च्या वर मिळतात. दहा महिन्यांत सगळ्यात उपयोगी पडलेला खर्च हाच.

एवढं करूनही साडेसातच्या सुमाराला आवाज पुन्हा तुटायचा, रोज नाही, पण वरचेवर. हे कोडं वेगळंच निघालं. मुलगा कॉलेजातून आला की त्याच्या फोनमधले फोटो आणि व्हिडिओ आपोआप वर चढायचे. अपलोड भरला की रांग लागते आणि माझ्या आवाजाची पाकिटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, त्या रांगेत अडकतात. एरवी पिंग, म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ, ८-१० मिलिसेकंद, तेव्हा ४०० च्या पुढे. स्पीड टेस्टमध्ये डाउनलोड मात्र छान दिसतो, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. बॅकअप रात्री दोनला लावला आणि राउटरमध्ये एकूण अपलोडला ८० ची मर्यादा घातली. तेव्हापासून शिकवणीच्या तासाला व्यत्यय नाही. नानांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, नाट्यसंगीताची रेकॉर्डिंगंही त्याच वेळी बिनबोभाट चालतात.

आता कंपनीच्या तारेबद्दल. आमच्या भागात फायबर खांबावरून गच्च्यांवरून लोंबत येतं आणि उत्तरायणाला, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीला, बडोद्याच्या गच्च्यांवर काय असतं ते सांगायला नको. १४ आणि १५ जानेवारी झाली आणि १६ ला नेट बंद पडलं नाही, नुसतं मंदावलं. राउटरवरचा एलओएसचा, म्हणजे प्रकाश तुटल्याचा, लाल दिवा लागलेला नव्हता, म्हणून फोनवरचा माणूस म्हणाला, "बेन, लाइन तो बराबर छे." पण वायरवर स्पीड ३० आणि शंभरातली आठ-दहा पाकिटं गहाळ.

इथे डिसेंबरातली वही कामाला आली. राउटरच्या आतल्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची ताकद दिसते, डीबीएम या मापात. सुरळीत असताना मी ती लिहून ठेवली होती: उणे २०.५. आता तिथे उणे २७.८ होतं. साधारण उणे २७ च्या पलीकडे बरीच यंत्रं अडखळायला लागतात. आणि हे माप असं आहे की ३ ने घट म्हणजे प्रकाश निम्मा. ७.३ ची घट म्हणजे आधीच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी प्रकाश घरात येत होता. दिवा लाल होत नाही, कारण प्रकाश संपलेला नसतो.

हे दोन आकडे तारखांसकट सांगितले तेव्हा पहिल्यांदा त्यांनी राउटर बंद-चालू करायला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी लाइनमन आला, शेजारच्या अगाशीवर चढला. तारेत पतंगाची दोरी गुंतली होती, कुणीतरी ती ओढली होती आणि कठड्याच्या कोपऱ्यावर तार काटकोनात मुडपली होती. काचेच्या धाग्यातला प्रकाश अशा वळणावर बाहेर गळतो. त्याने तेवढा तुकडा कापून नवा जोड दिला. आकडा उणे २०.९ वर आला. भर उन्हात दोन तास त्याने मन लावून काम केलं. कंपनीच्या फोनवरच्या माणसांबद्दल माझं मत बरं नाही, पण लाइनमनबद्दल फार चांगलं आहे.

एक अडचण अजून आहे. रविवारी रात्री नऊ ते अकरा वायरवरसुद्धा ५५-६० च्या वर जात नाही. प्रकाश ठीक, पिंग ठीक, घरात दुसरं कुणी वापरत नाही. फायबरमध्ये एका पोर्टची क्षमता अनेक घरांत वाटली जाते आणि पुढचा रस्ताही सगळ्यांचा एकच असतो, त्यामुळे हे त्यांच्याकडचंच आहे. तीन रविवारांचे आकडे देऊन तक्रार केली, डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, घेतला. "अपग्रेड चालू आहे" म्हणाले. सरकारी व्याख्येत २०२३ पासून किमान २ एमबीपीएस असलं की ब्रॉडबँड म्हणता येतं, त्यामुळे त्या व्याख्येचा इथे आधार नाही. आधार आपल्या प्लॅनच्या कागदाचा. समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, त्यात पैसे लागत नाहीत, पण तक्रारीचा नंबर हवाच. नुसत्या फोनवर बोलून ठेवून देऊ नका.

डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, बदलून १.१.१.१ करून पाहिलं. पानं किंचित लवकर उघडतात, वेग तोच.

सोडायचं का? नाही. वर्षाचे पैसे एकदम भरले तर एक महिना फुकट देत होते, तरी मी सहा महिन्यांचंच भरलं, कारण रविवारचा प्रश्न सुटलेला नाही. आणि एक अर्ज लेखी दिला आहे: आमची तार शेजारच्या अगाशीवरून काढून भिंतीलगत पाइपातून खाली आणावी, डिसेंबर संपायच्या आत. नंबर वहीत लिहून ठेवलाय, त्याच पानावर, उणे २०.९ च्या खाली.