क्यू गार्डन्सचं वॉटरलिली हाऊस, कॅमेरावाल्यांसाठी

लंडनला उन्हाळ्यात असाल आणि कॅमेरा सोबत असेल तर हे चुकवू नका. क्यू या वनस्पती उद्यानातलं, वॉटरलिलींसाठीचं (पाणकमळांसाठीचं) १८५२ चं काचघर, मधे गोल तळं, जागा छोटीच, पण दमटपणा म्हणजे अगदी मे महिन्यातली मुंबई, बाहेरून गार कॅमेरा आत नेला की लेन्सवर वाफ धरणारच, पुसत बसू नका, थोडा वेळ द्या त्याला. पोलरायझर (लेन्सवर लावायचा, चमक कापणारा फिल्टर) लावाच, पाण्याची चमक जाते आणि पानांचा हिरवा काय खुलतो! निळी-जांभळी फुलं दिवसाची, दुपार कलली की मिटायला लागतात म्हणून सकाळीच गाठा. व्हिक्टोरियाचं, म्हणजे महाकाय पानांच्या वॉटरलिलीचं, फूल उमलतं संध्याकाळी, पहिल्या रात्री पांढरं, दुसऱ्या रात्री गुलाबी, त्यामुळे बागेच्या वेळेत पूर्ण उमललेलं मिळालं तर नशीबच म्हणायचं. तिकीट महाग वाटतं खरं, पण अख्खी बाग त्यातच येते. फुलांसाठी ७०-२०० मिमीची झूम लेन्स मस्त.