स्प्लॅश पॅड की घरचा फुगवता पूल?

मूल नुकतंच चालायला लागलं असेल, तर मी मोफत स्प्लॅश पॅडच, म्हणजे जमिनीतून पाण्याचे फवारे उडणारी मुलांची खेळायची सार्वजनिक जागा, निवडेन. तिथलं पाणी उडतं आणि लगेच वाहून जातं. घरच्या पुलात मात्र ५ सेंटीमीटर पाण्यातही तान्हं बुडू शकतं, तेही आवाज न होता. नजर हलवायची सोय नाही.

स्वच्छतेत पारडं फिरतं. बऱ्याच पॅडवर तेच पाणी गाळून, क्लोरीन घालून पुन्हा फवारतात. आणि क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाबाचा परजीवी क्लोरीनच्या पाण्यात ७ दिवसांहून जास्त तग धरतो. पोट बिघडलेल्या मुलाला नेऊच नका, बाकीच्यांना पाणी गिळू नका म्हणून बजावा. घरचा पूल रोज रिकामा करून घासता येतो. आणि सावलीत ठेवता येतो, हे दुपारी फार मोलाचं.