सावळ्या मुलीचा पोर्टफोलिओ करायचा असेल तर कोथरूडमधला हा स्टुडिओ बघाच

भाचीचा पोर्टफोलिओ इथे केला, मनापासून पाच स्टार. भाची चांगली सावळी आहे, सिरियलच्या ऑडिशन देते. आधी शहरातल्याच दुसऱ्या एका ठिकाणी फोटो काढले होते, तिथे न विचारता तिला दोन शेड गोरी करून दिली, चेहरा एक रंगाचा मान दुसऱ्या. पोरगी घरी येऊन रडली हो.

इथे मेकअपवाल्या ताईंनी आधी तिच्या जबड्यावर तीन शेडच्या रेघा ओढल्या, खिडकीपाशी उजेडात नेऊन बघितलं आणि जी रेघ कातडीत मिसळून दिसेनाशी झाली तेच फाउंडेशन लावलं. फोटोग्राफर दादांनी तिच्या हातात राखाडी कार्ड देऊन पहिला फोटो काढला, त्यावरून कॅमेऱ्यातला रंग सेट केला, मग पांढरा पडदा काढून गडद निळा लावला, लाईट बाजूने दिला, आणि डोळे काय बोलतायत तिचे! एडिटिंगमध्ये एक पिंपल काढला, रंगाला हात लावला नाही.

एवढं लिहितेय कारण हा विषय साधा नाहीये. 'रंग माझा वेगळा' ही मराठी सिरियल २०१९ ला सुरू झाली, दीपा नावाच्या सावळ्या मुलीची गोष्ट, आणि दीपा झालेल्या रेश्मा शिंदेला मेकअपने सावळी केली. त्याच वर्षी 'बाला' या हिंदी सिनेमात भूमी पेडणेकरचं तेच. रेश्माने काम छानच केलं, तिच्याबद्दल तक्रार नाही, पण सावळ्या मुलीचा रोलसुद्धा सावळ्या मुलीला मिळणार नसेल तर तिने जायचं कुठे? लोक म्हणतात अभिनय म्हणजे दुसऱ्याचं सोंग घेणंच, मान्य, मग गोऱ्या हिरोइनच्या रोलला सावळीला का बोलवत नाहीत? तिकडे हॉलिवूडमध्ये २०२३ च्या 'द लिटिल मर्मेड' सिनेमात जलपरीच्या रोलला हॅली बेली या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला घेतलं तर जलपरी काळी कशी म्हणून केवढा गदारोळ झाला, अहो जलपरी ही काल्पनिक गोष्ट आहे. आणि आपल्या पुण्यात जन्मलेल्या स्मिता पाटीलला त्याच सावळ्या रंगासकट अख्ख्या देशाने डोक्यावर घेतलं होतं ना.

बाकी पार्किंग अजिबात नाही, जिना अरुंद, फोटो सांगितल्यापेक्षा उशिरा मिळाले. शक्यतो सकाळची वेळ घ्या, खिडकीतला उजेड तेव्हाच चांगला असतो, आणि बुकिंग करताना मेकअपला त्याच ताई हव्यात असं आधीच सांगून ठेवा.